क्लच नवा, पण गिअर कडक: गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याआधी काय काय तपासायचं

क्लच सेट बदलून गाडी गॅरेजमधून बाहेर काढली, पेडल एकदम हलकं लागलं, आणि पहिल्याच सिग्नलला पहिला गिअर पडेना. रिव्हर्स टाकताना तर खर्रर्र आवाज. गॅरेजला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: "नवीन क्लच आहे भाऊ, चालवा थोडी, बसून जाईल."

काही बाबतीत हे खरं आहे. नवी क्लच प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) एकमेकांशी नीट जुळायला थोडं अंतर लागतं. तोवर क्लच कुठे पकडतो ती जागा जरा वरखाली होते, गाडी उचलताना बारीक थरथर जाणवते, चढावर किंचित वासही येतो. शहरात ५०० ते ८०० किलोमीटर चालवल्यावर हे प्रकार बहुतेक कमी होतात. पण उभ्या गाडीत गिअर न पडणं, रिव्हर्स खरखरणं, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना लिव्हरला धक्का द्यावा लागणं, यातलं काहीही चालवून बसत नाही. उलट तसंच चालवलं तर आतले सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगा) झिजतात, आणि क्लचच्या खर्चावर गिअरबॉक्सचा खर्च चढतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की, कामाच्या आधी गिअर नीट पडत होते आणि कामानंतर पडत नाहीत, तर एका रात्रीत गिअरबॉक्स खराब झाला असं मानू नका. त्या कामातच काहीतरी राहिलंय. आणि जे राहिलंय ते बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. म्हणून तपासणी पेडलपासून सुरू करायची आणि एकेक पायरी आत जायचं. मिस्त्री लगेच "उतरवून पाहू" म्हणाला तर त्याला थांबवा. उतरवणं म्हणजे पुन्हा एक्सेल काढणं, पुन्हा ऑइल, पुन्हा माउंटिंग, पुन्हा मजुरी.

आत काय होतं, थोडक्यात

क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट या प्लेटच्या मधल्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे दातेरी खाचांमध्ये, बसलेला असतो. प्लेट पूर्ण मोकळी झाली तर शाफ्ट थांबू शकतो आणि गिअर अलगद पडतो. प्लेट केसभर जरी घासत राहिली तरी शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो. मग बिचाऱ्या सिंक्रोनायझरला एकट्याने इंजिनाशी कुस्ती खेळावी लागते. यालाच गॅरेजमध्ये 'क्लच पूर्ण कट होत नाही' म्हणतात. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे दुखणं सगळ्यात आधी तिथे ओरडतं.

लिव्हर कडक होण्याचं दुसरं घर म्हणजे लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबल किंवा रॉड, आणि तिसरं खुद्द गिअरबॉक्स व त्यातलं ऑइल. या तिघांपैकी दोष कुठे आहे ते एका साध्या परीक्षेत बरंचसं उलगडतं.

पहिली परीक्षा: इंजिन बंद करून

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद. क्लच पूर्ण दाबून पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत आणि रिव्हर्स, सगळे सावकाश टाकून बघा. एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे अडेल. तेव्हा क्लच सोडून पुन्हा दाबा, किंवा हँडब्रेक काढून गाडी वीतभर ढकला आणि परत प्रयत्न करा. एवढ्यावरून दोष मानू नका.

इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ पडतात आणि चालू केल्यावरच अडतात, तर लिव्हर, केबल आणि गिअरबॉक्स सध्या बाजूला ठेवा. क्लच कट होत नाही, तोच शोधायचा. इंजिन बंद असतानाही लिव्हर तितकीच कडक, तर क्लचला हात लावू नका. दोष लिंकेजमध्ये, ऑइलमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये आहे. या एका परीक्षेला दोन मिनिटं लागतात, आणि तरी ती न करता गाड्या थेट लिफ्टवर जातात, याचं मला कायम नवल वाटत आलंय.

दुसरी परीक्षा: इंजिन चालू करून

यासाठी समोर-मागे मोकळी जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे हे करू नका.

इंजिन आयडलवर, न्यूट्रल, क्लच सोडलेला. आता क्लच पूर्ण दाबा, मनात सातपर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. लगेच टाकल्यावर खरखर होते पण थांबून टाकल्यावर होत नाही, तर शाफ्टला थांबायला वेळ लागतोय एवढंच, आणि बऱ्याच गाड्यांत ते चालतं. थांबूनही खरखर झाली तर शाफ्ट फिरतोच आहे, म्हणजे क्लच कट होत नाही.

पुढची पायरी. ब्रेक दाबून, क्लच तळाला टेकवून पहिला गिअर टाका. ब्रेक हळूच सोडा आणि ॲक्सिलरेटर जरा वाढवा. क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी पुढे सरकायला बघत असेल तर निदान पक्कं झालं.

अजून एक करून बघायचं. दोन-तीन वेळा पेडल भराभर पंप करा आणि लगेच गिअर टाका. पंप केल्यावर गिअर गुमान पडला, तर हायड्रॉलिक लाइनमध्ये (पेडलचा दाब ऑइलमधून पोचवणाऱ्या नळीत) हवा आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पेडल मिनिटभर दाबून धरलं आणि गाडी आपोआप सरकू लागली, तर मास्टर (पेडलकडच्या) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरचं सील आतून दाब सोडतंय.

हे करताना एका कागदावर लिहून ठेवा: कोणता गिअर, उभ्या गाडीत की चालत्या, थंड असताना की तापल्यावर, वर चढवताना की खाली उतरवताना. "गिअर बरोबर नाही पडून राहिले" एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने हात घालतो. "थंडीत ठीक, नागपुरात बर्डीच्या गर्दीत अर्धा तास गेल्यावर पहिला आणि रिव्हर्स अडतात" असं सांगितलं तर त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

आधी पायाखाली बघा

हसू नका, पण क्लच कट न होण्याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे मॅट. हल्ली जाड सेव्हन-डी मॅट असते आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून आणखी एक रबरी मॅट. काम करताना ती काढली, परत टाकताना पुढे सरकली, की पेडल शेवटचे दोन सेंटीमीटर खाली जातच नाही. जुना क्लच ज्या उंचीवर कट व्हायचा त्याच उंचीवर नवा होईल असं नाही, म्हणून हा दोष बदलल्यावरच उघडा पडतो. सगळ्या मॅट काढून टाका आणि परीक्षा पुन्हा करा. सोबत पेडलच्या पिव्हटचा बुश हाताने हलवून बघा. पेडल डावी-उजवीकडे डुलत असेल तर दाबलेलं अंतर तिथेच वाया जातंय.

केबलवाला क्लच असेल तर

मारुती ८००, अल्टो, वॅगनआर अशा गाड्यांत क्लच केबलवर चालतो, आणि कामानंतरच्या तक्रारींचं मोठं कारण इथे असतं. कारण समजून घेण्यासारखं आहे.

क्लच प्लेट झिजत जाते तशी डायफ्रामची बोटं रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा फ्री प्ले (जोर लागायच्या आधीचा मोकळा प्रवास) कमी होत जातो. म्हणून वर्षानुवर्षं प्रत्येक सर्व्हिसिंगला केबल थोडी थोडी ढिली केलेली असते. आता नवी, पूर्ण जाडीची प्लेट बसली. बोटं पुन्हा इंजिनाकडे गेली. केबल मात्र तितकीच ढिली. पेडलचा बराच प्रवास ही ढील खाण्यातच जातो आणि बेअरिंग बोटांना पुरेसं दाबत नाही. मिस्त्रीने सेट बदलला आणि केबल नव्याने सेट करायची राहिली, की गाडी अशीच वागते.

तपासायचं असं. पेडलशेजारी एक स्केल उभी धरा. बोटाने पेडल हलकेच दाबा, जिथे पहिल्यांदा जोर जाणवेल तिथपर्यंतचं अंतर मोजा. लहान गाड्यांत हे बहुधा १५ ते २५ मिमीच्या आसपास असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. जास्त असेल तर गिअरबॉक्सवर क्लच फोर्कच्या टोकाशी केबलचा नट असतो. लॉक नट सैल करून नट दोन-तीन आटे आवळा, पेडल दहा-बारा वेळा दाबा, पुन्हा मोजा. बरोबर आलं की लॉक नट घट्ट.

अति आवळू नका. फ्री प्ले शून्य झाला तर गिअर झकास पडतील, पण बेअरिंग सतत बोटांना टेकून फिरत राहील आणि प्लेट घसरायला लागेल. नवी प्लेट काही आठवड्यांत जाळायची असेल तर हा सोपा मार्ग आहे.

केबलचं दुसरं दुखणं म्हणजे तिचा मार्ग. परत बसवताना ती क्लिपमध्ये न घालता तशीच सोडली, तर वाकते किंवा सायलेन्सरच्या पाइपजवळून जाते. वाकलेल्या केबलने पेडल जड होतं आणि सोडल्यावर सावकाश वर येतं. टोकाशी एक-दोन तारा तुटलेल्या दिसल्या तर केबल बदलाच. खरं तर क्लच सेटबरोबरच नवी केबल टाकावी. सेटच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ आहे.

हायड्रॉलिक क्लच असेल तर

इथे फ्री प्ले बहुतेक आपोआप जुळतो, म्हणून पहिला संशय हवेचा. गिअरबॉक्स काढताना पाइप सुटला किंवा स्लेव्ह सिलिंडर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. त्यामुळे पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, पाय खाली जातो पण पलीकडे फोर्क हलत नाही.

टाकी उघडून पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. झाकणावर ब्रेक ऑइलचा दर्जा, डॉट-३ किंवा डॉट-४, लिहिलेला असतो, तेच ऑइल वापरा. ऑइल काळपट असेल तर पूर्ण बदलून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर असताना, बॉनेटखालच्या भट्टीत, इंजिनाला चिकटून बसलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जुन्या ऑइलची वाफ व्हायला फार वेळ लागत नाही. सकाळी ठीक आणि दुपारी दोन वाजता पेडल तळाला, ही तक्रार उन्हाळ्यात जास्त येते ती यामुळे.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक खाली. खालच्याने ब्लीडिंग निपलवर (स्लेव्हवरच्या हवा काढायच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. तो म्हणेल "दाब", वरच्याने पेडल सावकाश तळाला न्यायचं आणि धरून ठेवायचं. खालच्याने निपल अर्धा फेरा उघडायचा, बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर येईल, निपल बंद. मग "सोड". निपल उघडा असताना पेडल वर आलं तर तेवढीच हवा पुन्हा आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहायचं आणि मधे मधे टाकीत ऑइल घालत राहायचं. टाकी रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बाहेर नसून गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. त्याची हवा अशा पंपिंगने सहसा पूर्ण निघत नाही, दाबाच्या किंवा व्हॅक्युमच्या मशिनची गरज पडते. असा सिलिंडर क्लचसोबत बदललाय का, ते बिलात बघा. गिअरबॉक्स खाली असताना कोणी चुकून पेडल दाबलं तरी त्याचं सील बाहेर फेकलं जाऊ शकतं.

स्लेव्ह बाहेर असेल तर अजून एक डोळ्यांनी बघण्याची गोष्ट आहे. एकाने पेडल दाबायचं आणि तुम्ही टॉर्च घेऊन स्लेव्हचा पुशरॉड बघायचा. बऱ्याच लहान गाड्यांत तो साधारण एक-दीड सेंटीमीटर बाहेर येतो. जेमतेम पाच-सहा मिमी येत असेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये. पूर्ण बाहेर येऊनही क्लच कट होत नसेल, तरच दोष आत आहे, आणि तेव्हाच उतरवण्याचा विचार.

लिव्हर, केबल आणि बुश

इंजिन बंद असतानाही कडक, अशी गाडी इथे येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लिव्हरपासून दोन केबल निघतात. एक लिव्हर डावी-उजवीकडे नेते, म्हणजे कोणती ओळ ते निवडते. दुसरी पुढे-मागे नेते, म्हणजे गिअर टाकते. गिअरबॉक्स काढताना या दोन्ही सोडाव्या लागतात. परत लावताना ब्रॅकेटची क्लिप अर्धी बसते, बॉल जॉइंटचं प्लास्टिकचं बुश तडकतं, किंवा केबल बॅटरी ट्रेखाली चेपली जाते.

लक्षणावरून ओळखता येतं. पहिला-दुसरा सापडतात पण पाचवा किंवा रिव्हर्सची ओळच सापडत नाही, तर निवडीची केबल. ओळ सापडते पण गिअर पूर्ण आत जात नाही, किंवा खड्ड्यात गेल्यावर निसटून न्यूट्रलला येतो, तर दुसरी. न्यूट्रलमध्ये लिव्हर सोडून द्या. ती आपणहून मधोमध, तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीवर उभी राहायला हवी. एका बाजूला कललेली असेल तर केबलची सेटिंग चुकली आहे. बऱ्याच गाड्यांत केबलच्या टोकाला ॲडजस्टिंग क्लिप असते. गिअरबॉक्स न्यूट्रलला, लिव्हर मधोमध धरून ती लॉक करायची.

एक खात्री मिस्त्रीकडून करून घ्या. केबल गिअरबॉक्सवरून सोडायच्या आणि गिअरबॉक्सवरची, केबल जोडायची छोटी दांडी थेट हाताने हलवायची. तिथे मऊ आणि लिव्हरला कडक, तर केबल दोषी. तिथेही कडक, तर गिअरबॉक्स किंवा ऑइल. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत लिव्हर बहुधा थेट गिअरबॉक्सवर बसते, तिथे हा भाग लवकर आटोपतो.

इंजिन माउंटिंगही याच वेळी बघा. गिअरबॉक्स उतरवताना एक तरी माउंटिंग सुटतंच. ते वाकडं आवळलं गेलं तर इंजिन एका अंगाला ओढलेलं राहतं आणि केबल ताणल्या जातात. बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून, कोणाला तरी ॲक्सिलरेटर हलका दाबायला सांगा. इंजिन उडी मारल्यासारखं हललं किंवा लिव्हरही सोबत नाचली, तर माउंटिंग सैल आहे.

गिअर ऑइल: किती आणि कोणतं

पुढच्या चाकांच्या गाडीत एक्सेल ओढला की गिअर ऑइल खाली येतं. काहीजण ते जमा करून परत घालतात, काही अंदाजाने नवं घालतात. बिलात 'गिअर ऑइल' अशी ओळच नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारा.

पातळी बघायला गाडी चारही चाकांवर सारखी हवी. एकच बाजू जॅकवर उचलून बघितलेली पातळी खोटी असते. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाजूला फिलर प्लग असतो. तो उघडला की ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असावं. करंगळी आत घालून खाली वाकवली तर टोक ओलं व्हायला हवं. करंगळी कोरडी आली तर ऑइल कमी आहे. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका, स्टँड लावा.

आता प्रकार. बऱ्याच लहान गाड्यांना जीएल-४ दर्जाचं, ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० असं ऑइल लागतं. दुकानात 'गिअर ऑइल' म्हटलं की कधी कधी ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ हातात येतं, जे मुळात डिफरन्शियलसाठी जास्त वापरलं जातं. ते घट्ट असतं, आणि त्यातली काही द्रव्यं पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मानवत नाहीत. शिवाय रिंगेला शाफ्टचा वेग जुळवायला थोडं घर्षण लागतं, आणि फार निसरड्या ऑइलात तेच मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पहाटे पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा चुकीचं ऑइल असलेली गाडी पहिला-दुसरा किलोमीटर दुसरा गिअर घेतच नाही आणि तापल्यावर सुधारते. सकाळी कडक, नंतर मऊ, हे चित्र दिसलं की ऑइल बदलून बघा. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच, कंपनी कोणतीही चालेल.

जुनं ऑइल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर नजर टाका. राखाडी, लोण्याएवढी मऊ पेस्ट नेहमीचीच. धातूचे तुकडे किंवा ऑइलमध्ये सोनेरी चकाकी भरपूर दिसली, तर रिंगा झिजत आहेत.

उतरवायचाच असेल, तर समोर उभे राहा

बाहेरचं सगळं ठीक, पुशरॉड पूर्ण येतो, आणि तरी क्लच कट होत नाही. आता गिअरबॉक्स उतरवणं आलंच. पण उतरवताना काय बघायचं ते आधीच ठरवा.

सगळ्यात आधी प्लेट उलटी बसली का. प्लेटच्या एका बाजूला फ्लायव्हीलकडची बाजू असं छापलेलं असतं. उलटी बसली तर मधला फुगीर भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. बोल्टांच्या डोक्यावर ताजे चमकदार ओरखडे दिसतील. दुसरं, गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लटकलं का. दोन माणसांनी, जॅकशिवाय, घाईत चढवताना हे होतं. प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग ती फिरताना एका बाजूने घासत राहते. अशी प्लेट नवी असली तरी फेकायची, ठोकून सरळ करायची नाही.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क रेंचने आवळायचे असतात. एका बाजूने एअर गनने कसले तर कव्हर वाकतं. डॉवेल पिन (गिअरबॉक्स इंजिनाशी सरळ बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का, तेही बघा. एखादी हरवली तर गिअरबॉक्स इंजिनाशी किंचित तिरका बसतो. स्प्लाइनवर ग्रीस हवं, पण अगदी पुसटसं. कोरडी ठेवली तर प्लेट सरकत नाही, थापली तर नागपूरच्या उन्हाळ्यात वितळून फेसिंगवर (प्लेटच्या पकड घेणाऱ्या थरावर) उडते. फोर्क बेअरिंगच्या क्लिपमध्ये नीट अडकलाय का, आणि मागच्या चाकांच्या गाडीत फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग बोटाने मोकळं फिरतंय का, हेही तपासा. ते जाम असेल तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरत राहतो, आणि सगळे भलतीकडेच शोधत बसतात.

नव्या सेटचा खोका मागून घ्या. त्यावरचा पार्ट नंबर तुमच्या मॉडेल आणि वर्षाशी जुळतो का, जुनी प्लेट शेजारी ठेवून व्यास आणि स्प्लाइनचे दात सारखे आहेत का, एवढं डोळ्यांनीही दिसतं.

मग गिअरबॉक्स कधी दोषी?

उभ्या गाडीत सगळे गिअर मऊ, रिव्हर्सही गुपचूप, फक्त चालत्या गाडीत एकच गिअर, बहुतेकदा दुसरा किंवा तिसरा, खरखरतो. हे सिंक्रोनायझरचं लक्षण. खात्रीसाठी डबल क्लच करून बघा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, खाली उतरत असाल तर जरा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून गिअर. असा पडला की रिंग झिजलेली आहे. हा दोष बहुधा आधीपासूनच असतो, नव्या क्लचनंतर तुमचं लक्ष जास्त असतं म्हणून जाणवतो. तेव्हा मिस्त्रीवर खापर फोडू नका.

तोवर गाडी चालवायची का?

शक्यतो नाही. घरी आणायचीच असेल तर सिग्नलला न्यूट्रलवर थांबा, लिव्हरवर हात ठेवून जोर लावत बसू नका, गिअर बदलताना एक क्षण न्यूट्रलला थांबून मग पुढे न्या. आवाज आला की ढकलू नका. बाटलीतल्या 'गिअर स्मूथ' औषधांवरही पैसे घालू नका. क्लच कट होत नसेल तर ऑइलमध्ये काहीही ओतून तो कट होत नाही.

मिस्त्रीशी बोलताना आवाज चढवून फायदा नसतो. "भाऊ, तुम्हीच चालवून पाहा ना, मी बाजूला बसतो," म्हणा. इंजिन बंद आणि चालू अशा दोन्ही परीक्षा त्याच्यासमोर करून दाखवा. जाणता मिस्त्री तिथेच समजून जातो. आधीच्या कामाच्या बिलावर तक्रार आणि तारीख लिहून घ्या, म्हणजे मजुरी पुन्हा कोणी द्यायची हा प्रश्न नंतर उरत नाही.

काम झाल्यावर ट्रायलही नीट घ्या. गॅरेजच्या गल्लीत एक चक्कर मारून परत येणं ही ट्रायल नव्हे. आधी रिंग रोडवर पाचव्यापर्यंत चढवून एकेक गिअर उतरवा. मग सेमिनरी हिल्सचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घ्या. इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी उचलत नाही, तर प्लेट घसरतेय, म्हणजे केबलवाल्या गाडीत बहुधा केबल जास्तच आवळली गेलीय. शेवटी दुपारच्या वेळी बर्डीच्या गर्दीत अर्धा तास काढा आणि तापलेल्या गाडीत रिव्हर्सची सात मोजण्याची परीक्षा पुन्हा करा. हे सगळं पार पडेपर्यंत समृद्धी महामार्गावर गाडी काढू नका. तिथे बंद पडलात तर क्रेनची वाट बघत बसावं लागतं.

केबलवाल्या गाडीत पहिल्या हजार किलोमीटरनंतर स्केल घेऊन फ्री प्ले पुन्हा मोजा. हायड्रॉलिक असेल तर टाकीतली पातळी बघा आणि सकाळी गाडी काढल्यावर पार्किंगच्या फरशीवर, गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला, ताजा डाग पडलाय का ते बघा. पातळ आणि जवळजवळ बिनवासाचा असेल तर क्लचचं ऑइल, गंधकासारखा उग्र वास असेल तर एक्सेलच्या सीलमधून येणारं गिअर ऑइल.